संथ पाण्याचा मासा आणि त्याचा फिल्टर

नागपुरात बर्डीवर किंवा सदरमध्ये शोभेच्या माशांच्या दुकानात फायटर, म्हणजे बेट्टा मासा, घ्यायला गेलेल्या माणसाला बहुधा दोनपैकी एक सल्ला मिळतो. पहिला सल्ला असा, की हा मासा वर येऊन हवा घेतो, त्यामुळे त्याला फिल्टर लागत नाही आणि काचेचे एक लहानसे भांडे त्याला पुरते. दुसरा सल्ला अगदी उलटा, की टाकी घेताच आहात तर हा चांगला जोरकस फिल्टरही घेऊन जा, म्हणजे पाणी आरशासारखे राहील. हे दोन्ही सल्ले मी वेगवेगळ्या वेळी ऐकले, दोन्ही अमलात आणले आणि दोन्ही वेळा त्याचा त्रास माशाला झाला. बेट्टाला फिल्टर हवाच, पण तो निवडताना पाणी किती जोरात फिरते हे पाहण्याऐवजी पाण्यातील विष पचवणाऱ्या जिवाणूंना त्यात किती जागा मिळते हे पाहावे, एवढे तेव्हा मला कोणी सांगितले असते तर पुढचे बरेच काही टळले असते.

माझी ती टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच होती. तळाशी खडी घालून आणि वर दोन बोटे जागा सोडून तीत साधारण ३५ लिटर पाणी मावत असे. दुकानातून मी पाण्यात बुडवून काचेला चिकटवायचा एक फिल्टर आणला, ज्याच्या खोक्यावर ताशी ४०० लिटर असे छापलेले होते. आकडा मोठा म्हणजे फिल्टर चांगला, अशी माझी समजूत होती. टाकीत एक निळा हाफमून, म्हणजे अर्धवर्तुळाकार शेपटीचा, नर बेट्टा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर तो हीटर आणि काच यांच्यामधल्या बोटभर फटीत अंग चोरून उभा होता. दाणे टाकले की तो बाहेर येई, प्रवाहात शिरताच त्याची शेपटी नदीत धुवायला घेतलेल्या लुगड्यासारखी एका बाजूला ओढली जाई, आणि दाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तो वळून पुन्हा फटीत जाई. आठवडाभरात शेपटीच्या कडा दोऱ्यांसारख्या विरल्या. मी घाबरून फिल्टर काढूनच टाकला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी पाणी डोळ्यांना पूर्वीइतकेच स्वच्छ दिसत होते, पण मासा तळाशी बसून राहू लागला आणि अमोनिया तपासण्याच्या नळीतले पाणी पिवळे राहण्याऐवजी चक्क हिरवे झाले, म्हणजे पाण्यात विषारी अमोनिया साचला होता. तो मासा वाचला, मात्र शेपटी पुन्हा भरून यायला दोन महिने लागले.

या दोन चुकांचे कारण समजून घ्यायचे तर मासा मुळात कुठला आहे, तेथून सुरुवात करावी लागते. बेट्टा हा थायलंडचा आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशाचा मासा आहे. त्याला बेट्टा स्प्लेन्डेन्स हे शास्त्रीय नाव १९१० मध्ये चार्ल्स टेट रेगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने दिले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. तो मोठ्या नद्यांच्या धारेत राहत नाही. दलदली, उथळ डबकी, संथ पाट आणि भाताची शेते ही त्याची घरे आहेत. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या रस्त्याने पावसाळ्यात गेलेल्या कोणालाही हे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. रोवणी झालेल्या धानाच्या बांधीत वीतभर पाणी साचलेले असते, धुऱ्याला पाडलेल्या खाचेतून ते एका बांधीतून दुसऱ्या बांधीत हळूच उतरते, आणि त्या खाचेपासून चार पावले दूर गेले की पाण्यावर पडलेले गवताचे पाते जागचे हलत नाही. आपल्या बांध्यांत हा मासा नाही, पण त्याला हवे असलेले पाणी नेमके असेच असते.

अशा उथळ, उन्हाने तापणाऱ्या आणि कुजणाऱ्या पाल्याने भरलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार कमी असतो. म्हणून या माशाच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, रक्तवाहिन्यांनी भरलेला एक घड्याघड्यांचा अवयव असतो, ज्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि त्या हवेतील प्राणवायू या अवयवातून थेट रक्तात जातो. गुरामी हे त्याचेच भाऊबंद, आणि त्यांच्यातही हीच सोय असते. प्रौढ बेट्टाला ही हवा सवडीनुसार घेऊन चालत नाही, ती त्याला घ्यावीच लागते. पृष्ठभागापर्यंत पोहोचू दिले नाही तर तो पाण्यात असूनही गुदमरतो. त्यामुळे त्याच्या टाकीत वरचा थर शांत असणे आणि तेथपर्यंतची वाट सोपी असणे ही त्याच्या श्वासाचीच गरज आहे. नर आपले फेसाचे घरटेही याच थरावर बांधतो, आणि पाणी सतत हिंदकळत असेल तर ते बुडबुडे टिकत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याच्या परांची. रानातल्या बेट्टाचे पर आखूड असतात. दुकानात दिसणारे व्हेलटेल, हाफमून, क्राउनटेल हे प्रकार माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार केलेले आहेत. शरीर पाच-सहा सेंटिमीटरचे आणि त्यावर पसरट, जड शेपूट; म्हणजे जोर तेवढाच राहिला आणि ओढायचे ओझे मात्र कित्येक पटींनी वाढले. आखूड परांचा प्लाकट हा प्रकार त्या मानाने काटक असतो आणि थोडा प्रवाह सहन करतो. त्यामुळे फिल्टर घेण्याआधी आपल्या माशाचे पर कसे आहेत, हे पाहणे अगदी योग्य आहे.

आता पहिल्या सल्ल्याकडे वळू. हवा घेणाऱ्या माशाला फिल्टर कशाला, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो, पण त्यात फिल्टर म्हणजे पाण्यात हवा सोडणारे यंत्र असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात फिल्टरचे मुख्य काम वेगळेच आहे. मासा खातो, आणि त्या अन्नातील प्रथिनांचा टाकाऊ भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. विष्ठा आणि उरलेले दाणे कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया कल्ल्यांना आणि त्वचेला भाजतो. पाण्यात काही जिवाणू असे असतात, की जे अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतात, आणि दुसरे काही जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइट हेही विषच आहे. ते रक्तातील हिमोग्लोबिनला असे बिघडवते, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. येथे लॅबिरिंथचाही उपयोग होत नाही, कारण हवा आत आली तरी ती शरीरभर पोहोचवणारे रक्तच निकामी झालेले असते. शेवटी उरणारे नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसवते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलून ते आटोक्यात ठेवता येते.

हे जिवाणू पाण्यात तरंगत फिरत नाहीत. ते खडीवर, काचेवर, वनस्पतींच्या पानांवर आणि सर्वांत जास्त फिल्टरच्या स्पंजात चिकटून राहतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: चिकटायला भरपूर पृष्ठभाग, अमोनिया घेऊन येणारे पाणी आणि प्राणवायू. पाणी त्यांच्याजवळून धो धो गेले पाहिजे, अशी त्यांची अट नसते. दुसऱ्या शब्दांत, गाळणे आणि ढवळणे ही दोन वेगळी कामे आहेत, जी बाजारातल्या बहुतेक फिल्टरांमध्ये एकाच मोटरीने केली जात असल्यामुळे आपल्याला एकच वाटतात. बेट्टासाठी निवड करताना ही दोन कामे मनातल्या मनात सुटी केली, की पुढचा निर्णय बराच सोपा होतो.

नागपूरच्या संदर्भात येथे पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, त्यातले एक तुलनेने निरुपद्रवी आणि दुसरे जहाल. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आणि तापमान जितके जास्त, तितके जहाल रूपाचे प्रमाण जास्त. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातील अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक भाग जहाल असतो, तर सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. आपल्याकडे अनेक वस्त्यांत नळाच्या पाण्याबरोबर बोअरवेलचेही पाणी वापरले जाते, जे बहुतेक ठिकाणी जड असते आणि ज्याचा सामूही चढा असू शकतो. बेट्टा जड पाण्याशी हळूहळू जुळवून घेतो, त्यामुळे त्याबद्दल फार घाबरू नये; पण अशा पाण्यात अमोनिया शून्यावर ठेवणारा फिल्टर नसणे हे मऊ पाण्यापेक्षा जास्त धोक्याचे ठरते. नळाचे पाणी पेंच आणि कन्हानकडून येते आणि क्लोरीन घालून शुद्ध केलेले असते, तेव्हा ते अँटी-क्लोरीनचे थेंब घातल्याशिवाय किंवा उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्याशिवाय टाकीत घालू नये. क्लोरीन माशाइतकेच फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारते.

आता आकड्यांकडे येऊ. एका बेट्टासाठी किमान २० लिटर पाणी असावे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्याहून कमी पाण्यात कितीही उत्तम फिल्टर लावला तरी एक दाणा जास्त पडल्याने सगळे बिघडते. एक फुटी चौकोनी टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता साधारण २२ लिटर पाणी राहते. मत्स्यपालनात सर्वसाधारण शिरस्ता असा, की ताशी टाकीच्या चार ते पाचपट पाणी फिल्टरमधून जावे. लांब परांच्या बेट्टासाठी तीनपट पुरेसे होते, म्हणजे या टाकीत ताशी ६५ ते ७० लिटर. माझ्या त्या पहिल्या फिल्टरचा हिशेब केला तर ३५ लिटर पाणी तो तासाला अकरा वेळांहून अधिक फिरवत होता. खोक्यावरचा आकडा मोटरीला काहीही अडथळा नसतानाचा असतो आणि आत स्पंज भरल्यावर तो उतरतो, हे खरे. तरीही फार मोठी चूक त्यातून झाकली जात नाही. शिवाय तेवढेच पाणी एका अरुंद तोंडातून निघते की रुंद स्पंजभर पसरून आत जाते, यानेही जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

याच कारणाने मी बेट्टासाठी स्पंज फिल्टरला पहिली पसंती देतो. दिसायला ही अगदी साधी वस्तू असते: तळाला वजन, त्यावर उभा स्पंज, स्पंजाच्या मधोमध प्लास्टिकची उभी नळी आणि त्या नळीत बाहेरच्या एअर पंपावरून येणारी बारीक हवेची नळी. त्यात पाणी ओढणारी मोटर नसते. हवेचे बुडबुडे उभ्या नळीत शिरले, की नळीतले पाणी आणि हवा यांचे मिश्रण बाहेरच्या पाण्यापेक्षा हलके होते आणि वर सरकू लागते. त्याची जागा घ्यायला बाहेरचे पाणी स्पंजाच्या चारही बाजूंनी, लाखो छिद्रांतून, आत झिरपते. ओढ एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर वाटली गेल्यामुळे स्पंजाला टेकून झोपलेल्या माशाचे परही आत खेचले जात नाहीत. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर अमोनिया आणि प्राणवायू दोन्ही जिवाणूंपर्यंत पोहोचतात, आणि वर येणारे पाणी पृष्ठभागाजवळ हळुवार सांडते.

स्पंज घेताना तो फार बारीक छिद्रांचा नसावा, कारण असा स्पंज आठवड्यात गच्च होतो. हाताने दाबला की लगेच पूर्ववत होणारा, मध्यम छिद्रांचा स्पंज चांगला. उभ्या नळीचे तोंड पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ठेवावे, म्हणजे बुडबुडे फुटताना थेंब उडत नाहीत. नळीच्या आत एक लहान एअर स्टोन, म्हणजे हवा बारीक छिद्रांतून सोडणारा खडा, बसवता आला तर अवश्य बसवावा. मोठे बुडबुडे एकेक करून गडगडत वर जातात, तर एअर स्टोनमुळे बारीक बुडबुड्यांची सलग धार तयार होते; पाणी अधिक चांगले उचलले जाते, आवाज कमी होतो आणि पृष्ठभागही फारसा हलत नाही.

एअर पंपाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक बिघाड तेथे होतात. एका टाकीसाठी एका तोंडाचा लहान पंप पुरतो. तीन वॉटचा पंप महिनाभर अहोरात्र चालवला तरी वीज दोन युनिटांच्या आसपासच जळते, तेव्हा बिल वाचवण्यासाठी तो रात्री बंद करण्याचे काहीच कारण नाही. अनेक घरांत निजानीज झाली की पंखे-दिव्यांबरोबर टाकीचा पंपही बंद केला जातो आणि स्पंजातल्या जिवाणूंना रोज सात-आठ तास ताजे पाणी मिळत नाही. आवाजाचा त्रास होत असेल तर पंप लाकडी फळीवर न ठेवता चार पदरी घडी घातलेल्या जाड कापडावर ठेवावा. बहुतेक गुणगुण फळीच्या थरथरीची असते.

हवा जास्त येत असेल तर नळीला चिमटा लावून ती अडवण्याची पद्धत चुकीची आहे. पंपाच्या आत हवा ढकलणारा रबरी पडदा असतो, आणि वाट अडवली की त्याच्यावर दाब येऊन तो लवकर फाटतो. त्याऐवजी नळीत टी आकाराचा जोड बसवून जास्तीची हवा एका बाजूने बाहेर सोडून द्यावी. आणखी एक वस्तू अशी, जी काही रुपयांत मिळते आणि जिच्याशिवाय मी पंप कधीच लावणार नाही, ती म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. वीज गेली की नळीतली हवा थांबते आणि पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर टाकीतले पाणी त्याच नळीने उलटे खाली उतरू लागते, पंपात शिरते आणि तेथून विजेच्या बोर्डापर्यंत जाऊ शकते. व्हॉल्व्ह कोणत्या बाजूने बसवायचा, हे त्यात तोंडाने फुंकर घालून कळते: ज्या बाजूने फुंकर जाते ती बाजू पंपाकडे. शक्य असेल तर पंप टाकीपेक्षा उंच जागी ठेवावा, म्हणजे व्हॉल्व्ह बिघडला तरी अनर्थ होत नाही.

स्पंज फिल्टरचे दोष लपवण्यात अर्थ नाही. तो टाकीत जागा व्यापतो, दिसायला देखणा नसतो, आणि तरंगणारा बारीक कचरा मोटरच्या फिल्टरइतक्या चटकन गोळा करत नाही. दिसण्याचा दोष त्याच्यासमोर अनुबियास किंवा जावा फर्नसारखी एखादी पाणवनस्पती लावून झाकता येतो, आणि कचरा आठवड्याला पाणी बदलताना नळीने ओढून घेता येतो.

काहींच्या घरी टाकीच्या काठावर अडकवायचा हँग-ऑन फिल्टर आधीच असतो आणि तो टाकून द्यावासा वाटत नाही. तो टाकूही नये. त्याला मवाळ करता येते. पाणी ज्या ओठावरून खाली पडते, त्याच्या खाली स्पंजाचा तुकडा अशा रीतीने बसवावा, की धार त्यात मुरून काचेवरून निथळेल. पाणी ओढणाऱ्या नळीच्या तोंडावरही स्पंज चढवावा, कारण हाफमूनची शेपटी त्या जाळीत ओढली जाऊन फाटते. या स्पंजामुळे जिवाणूंना आणखी जागाही मिळते. मात्र या फिल्टरची नागपुरी उन्हाळ्यात एक खास अडचण होते. मे महिन्यात कोरड्या हवेमुळे टाकीचे पाणी भराभर आटते, पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरली की ओठावरून पडणारी धार तेवढ्या उंचीवरून कोसळू लागते, आणि एप्रिलमध्ये शांत असलेला फिल्टर मेमध्ये धबधबा होतो. त्या दिवसांत एक-दोन दिवसांआड थोडे पाणी भरत राहणे आवश्यक असते.

पाण्यात बुडवायचा मोटरचा फिल्टर वापरायचाच असेल तर जोर कमी करण्याची चकती असलेला घ्यावा आणि त्याचे तोंड जवळच्या काचेकडे वळवावे. टाकीच्या वर बसवायचा टॉप फिल्टर आणि बंद डब्याचा कॅनिस्टर हे मोठ्या टाक्यांसाठी आहेत. एका बेट्टासाठी त्यांचा विचार करू नये. कूलरचा पंप टाकीला लावण्याचा प्रयोगही मी काही घरांत पाहिला आहे, कारण तो आपल्याकडे प्रत्येक घरात पडून असतो. तो पंप काही फूट उंच पाणी चढवून खसच्या ताट्या भिजवण्यासाठी बनवलेला असतो, तेव्हा २० लिटरच्या टाकीत तो काय करेल, हे वेगळे सांगायला नको. आणि त्याच्या वायरीही पाण्यात राहणाऱ्या जिवाच्या सोबतीसाठी सुरक्षित मानू नयेत.

फिल्टर बसवल्यावर प्रवाह जास्त झाला का, हे कसे ओळखावे? मी एक साधी चाचणी करतो. तरंगणारा एक दाणा टाकीच्या एका टोकाला सोडतो आणि तो दुसऱ्या टोकाला कधी पोहोचतो ते पाहतो. तो हळूहळू वळत, मध्येच थांबत गेला तर ठीक. हाताने ढकलल्यासारखा तीन-चार सेकंदांत पलीकडे गेला तर लांब परांच्या माशासाठी तो प्रवाह जास्त आहे. त्यानंतर मासा स्वतःच सांगतो. पोहणे थांबवल्यावर तो जागच्या जागी तरंगत राहिला पाहिजे. तो मागे ढकलला जात असेल, सदैव एकाच कोपऱ्यात किंवा पानामागे उभा राहत असेल, पर अंगाला मिटून घेत असेल किंवा हवा घ्यायला वर येताना त्याची धडपड दिसत असेल, तर फिल्टर मवाळ करायला हवा. टाकीत एखादा कोपरा झाडांनी दाट ठेवला तर चुकूनमाकून वाढलेल्या प्रवाहातही त्याला विसावा मिळतो. आपल्याकडच्या शाळांच्या आवारात आणि बंगल्यांपुढे उभ्या असलेल्या देशी बदामाचे गळून वाळलेले पानही उत्तम. औषध न फवारलेल्या झाडाचे असेल तर धुऊन टाकीत सोडावे, मासा त्याखाली किंवा त्यावर निवांत बसतो आणि पाण्याला चहासारखा हलका रंग येतो. फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी असेल तर ती हा रंग शोषून घेते, म्हणून बेट्टाच्या टाकीत औषधोपचारानंतरची वेळ सोडली तर मी कोळसा ठेवत नाही.

आपल्या हवामानाचा फिल्टरशी आणखीही संबंध येतो. बेट्टाला साधारण २४ ते २८ अंश तापमान मानवते. मेमध्ये बाहेर पारा ४५ अंशांवर असतो तेव्हा कूलर नसलेल्या खोलीत टाकीचे पाणी सहज ३२ अंशांच्या पुढे जाते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांना सुमारे ७.३ मिलिग्रॅम. मासा वरून हवा घेऊन ही तूट भरून काढतो, जिवाणूंना मात्र तसे करता येत नाही, आणि अमोनियाचे जहाल रूपही याच काळात वाढते. त्यामुळे उन्हाळ्यात फिल्टर बंद न पडू देणे हिवाळ्यापेक्षा महत्त्वाचे असते. टाकी कूलरच्या खोलीत, पण थेट झोताबाहेर ठेवावी. झाकणाऐवजी जाळी बसवली तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरते. जाळीशिवाय उघडी मात्र ठेवू नये, कारण हा मासा उडी मारतो. पाणी बदलताना गच्चीवरच्या टाकीतले दुपारचे पाणी कधीही वापरू नये, ते हाताला चटका बसेल इतके तापलेले असते.

पावसाळ्यापूर्वीच्या वादळात वीज काही तास गेली तर स्पंज फिल्टरचा आणखी एक फायदा कळतो. तो उघड्या पाण्यात उभा असतो, त्यामुळे प्रवाह थांबला तरी त्याच्या बाहेरच्या थराला टाकीतला थोडा प्राणवायू मिळत राहतो. बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये मात्र पाणी कोंडून जिवाणू मरू लागतात आणि वीज आल्यावर ते सडके पाणी टाकीत येते. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा लहान एअर पंप घरात ठेवावा किंवा टाकीचा पंप इन्व्हर्टरच्या बोर्डाला जोडावा. तीन वॉट त्याला जाणवतही नाहीत. डिसेंबर-जानेवारीत, रात्रीचा पारा दहाच्या आसपास येतो तेव्हा, २० ते २५ लिटरसाठी २५ वॉटचा थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतो, आणि तो स्पंज फिल्टरच्या जवळ लावला तर हळू वाहणारे पाणीही उष्णता सगळीकडे नेते.

एअर पंप खोलीतलीच हवा ओढतो, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. खोलीत मच्छर अगरबत्ती जळत असेल, झुरळांचे औषध फवारले असेल किंवा दिवाळीआधी भिंतींना रंग चालू असेल, तर तोच धूर आणि तोच वास बुडबुड्यांवाटे पाण्यात मिसळतो, आणि मासा वरून घोट घेतो तीही तीच हवा असते. फवारणीच्या वेळी पंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाकावी आणि खोली मोकळी झाल्यावर पुन्हा सुरू करावा. रंगकाम असेल तर टाकीच दुसऱ्या खोलीत हलवावी.

नवा फिल्टर पहिल्या दिवशी रिकाम्या घरासारखा असतो. त्यात जिवाणूंची वस्ती होऊन अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मासा आणण्यापूर्वीच टाकी चालू करून, चिमूटभर दाणे कुजायला टाकून हा काळ काढला तर उत्तम. मासा आधीच घरी असेल तर दोन दिवसांआड पाव ते निम्मे पाणी बदलावे, दाणे अगदी मोजके द्यावे आणि तपासणीच्या थेंबांनी पाणी पाहत राहावे. सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे ज्यांच्या टाकीत निरोगी मासे वर्षभर नांदत आहेत अशा ओळखीच्या घरून जुन्या स्पंजाचा तुकडा मागून आणणे. माझी दुसरी टाकी अशीच उभी राहिली. प्रतापनगरहून एका स्नेह्याने त्याच्या फिल्टरमधला तपकिरी, बुळबुळीत स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून पिशवीत बांधून दिला, तो कोरडा पडू नये म्हणून मी थेट घरी आलो, नव्या स्पंजाला दोऱ्याने बांधला, आणि आठव्या दिवशी नळीतले पाणी पिवळेच राहिले.

हा तपकिरी थर घाण नव्हे, हे समजले की साफसफाईची सर्वांत मोठी चूक टळते. स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत चोळला, तर क्लोरीनने आणि रगडण्याने महिनाभराची वस्ती पाच मिनिटांत नाहीशी होते आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवशी येते. बुडबुडे मंदावले किंवा स्पंजावर कचऱ्याची साय दिसू लागली, की पाणी बदलण्याच्या दिवशी टाकीतून काढलेले पाणी बादलीत घ्यावे, त्यात स्पंज बुडवून तीन-चार वेळा हलक्या हाताने पिळावा आणि लगेच परत बसवावा. बादलीतले पाणी गढूळ चहासारखे होते आणि स्पंज तपकिरीच राहतो. तसाच तो राहिला पाहिजे. दोन स्पंजांचा फिल्टर असेल तर एका वेळी एकच धुवावा. बादलीतले उरलेले पाणी तुळशीला किंवा कुंड्यांना घालावे, त्यातले नायट्रेट झाडांना खत म्हणून चालते. पंप सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे थोडा गाळ वर येतो, मग पाणी निवळते, आणि कोपऱ्यात सरकलेला मासा फेसाचे घरटे जागेवर आहे का, हे पाहायला वर येतो.